एकतीस नंबरची कात्री

मी कात्री बोलतेय. छाटणीची कात्री, गुलाबाच्या मळ्यातली, लाल मुठीची. भरभर बोलले तर सांभाळून घ्या. आज मंगळवार आहे आणि गुरुवारी सकाळी भंगाराची गाडी येणार आहे. माझ्या खाली एक मोडका फवारणी पंप आहे, वर गंजक्या तारेचं भेंडोळं, आणि या पिंपावर झाकण कधी बसेल याचा काही नेम नाही.

काळजी करायचा माझा स्वभावच आहे. लोकांना वाटतं, कात्रीला काय, आली फांदी की काप. तसं नसतं हो. माझा जीव दिवसभर टांगणीला लागलेला असतो. नट ढिला झाला का? पात्याला चीक चिकटला का? मालकीण मला बेडमध्ये, गुलाबाच्या वाफ्यात, विसरून तर जाणार नाही ना? माझ्याच खोक्यातली एक बहीण अशी विसरली गेली. पुढच्या खणणीत ती मातीखाली गेली आणि तिचं नावही कुणी काढलं नाही.

जन्म माझा समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला अंधार आणि दोनशे जणींची खडखड. मग एकदा खोकं उघडलं आणि पहिला उजेड दिसला तो कायांबे गावाचा. वर बर्फाचा डोंगर, खाली नजर पोचेल तिथवर पॉलिहाऊसची छपरं. कुणीतरी तापल्या तारेनं माझ्या मुठीवर एकतीस हा आकडा डागला आणि मला एरमेलिंदाच्या हातात दिलं.

एरमेलिंदा म्हणजे तिशीतली, बुटकी, हाताची चपळ बाई. सकाळी मूठ गार पडते म्हणून तिनं लेकीच्या जुन्या लोकरी पट्ट्याचा तुकडा माझ्याभोवती गुंडाळला. घरात माणसं दोनच, ती आणि तिची शाळेत जाणारी सिसा.

"नीट चाल हं, बये," पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली. "तुझ्या-माझ्यावर घर आहे."

माझ्यासारखीला असं सांगू नये. त्या दिवसापासून प्रत्येक दांडा कापताना मला सिसाची फी दिसायची.

आमच्या पॉलिहाऊसच्या दाराशी एक फळा होता. कुणी तासाला किती दांडे कापले ते त्यावर रंगानं कळायचं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे आवर, आणि लाल म्हणजे कचेरीत ये. आठवड्यात तीन लाल झाले की माणूस मळ्यात टिकत नसे. नार्सिसा नावाची देखरेखवाली दर तासाला येऊन रंग बदलायची. ती एरमेलिंदाच्याच गावची, लग्नाकार्यात शेजारी बसून जेवणारी. पण फळ्यापाशी आली की तिचा चेहरा असा व्हायचा, की जणू कुणाला ओळखतच नाही. तिलाही वर कुणीतरी विचारणारं होतं म्हणा.

एरमेलिंदा बहुतेक वेळा हिरवी असायची. शेजारच्या बेडांवरची त्रान्सितो मात्र कायम पिवळी, आठवड्याला एक-दोनदा लालही.

त्रान्सितो चोपन्न वर्षांची. त्यातली अठरा वर्षं तिनं आमच्या जातीची मूठ दाबण्यात घालवली होती. उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती. काटा घुसला तरी तिला कळायचं नाही, रक्त पानावर सांडलं की मग ती खाली बघायची आणि म्हणायची, "अरे, हा हात अजून माझाच आहे वाटतं!" सगळ्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. तिच्या मनगटाच्या ऑपरेशनसाठी सरकारी विम्याच्या दवाखान्यात नाव लागलं होतं. दोन वर्षं थांबल्यावर जूनची तारीख मिळाली होती. पण नोकरी सुटली तर विमा सुटणार, आणि विमा सुटला की तारीखही जाणार. म्हणजे जूनपर्यंत कसंही करून तिला फळ्यावर तग धरायचा होता.

सिसाच्या नामकरणाला त्रान्सितोनं धर्माची आई म्हणून तिला मांडीवर घेतलं होतं. तेव्हापासून या दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात आणि अहो-जाहो करतात. कितीही चिडल्या तरी अहो-जाहो सुटत नाही.

"कोमाद्रे, तुमचा हात आज फारच आळशी झालाय."

"तुमची जीभ मात्र दोन पाळ्या करतेय, कोमाद्रे."

आमच्या डोंगरात एक रीत आहे. बटाट्याच्या वावरात जिची सरी आधी उरकते ती घरी जात नाही. जिची राहिलीये तिच्या सरीत ती पलीकडच्या टोकानं शिरते आणि खणत खणत समोरून येते. मधे दोघी भेटल्या की सरी संपली. याला हात उसना देणं म्हणतात. तुमच्याकडे सावड करतात, त्यातलंच समजा.

मळ्यात ही रीत चालत नव्हती. प्रत्येक जाळीत पंचवीस फुलं, आणि जाळीवर जिनं कापली तिच्याच नंबरची चिठ्ठी, असा नियम. दुसरीच्या नावावर फुलं टाकली तर ती फसवणूक आणि फसवणुकीला सरळ घरची वाट. नार्सिसानं हे सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं.

आणखी एक नियम होता, माझ्याशी संबंधित. एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाताना कात्री औषधाच्या डब्यात बुडवायची आणि दहा आकडे मोजायचे. झाडाला रोग असला तर तो आमच्या पात्यांवर बसून पुढे जातो. डबे ठेवलेले होते बेडांच्या अलीकडच्या टोकाला, मधल्या रस्त्यावर, कारण सगळ्या जणी तिथूनच आत शिरत.

आता कळलं ना मला कशाची धास्ती होती?

फेब्रुवारीत जगभरच्या प्रेमिकांना एकाच दिवशी गुलाब लागतात. त्याआधीचे चार आठवडे आमच्याकडे माणसं चालत नाहीत, पळतात. त्या चार आठवड्यांत एरमेलिंदानं काय केलं, तर आपले बेड भराभर उरकायचे, कोपऱ्यावरून वळसा घालायचा आणि त्रान्सितोच्या बेडमध्ये पलीकडच्या टोकानं शिरायचं. कापायचं, जाळी भरायची, वर त्रान्सितोची एकोणीस नंबरची चिठ्ठी लावायची. मधे भेटल्या की त्रान्सितो मान वर न करता म्हणायची, "देव भलं करो, आता पळा." बस्स, एवढंच. फळ्यावर त्रान्सितो पिवळी राहायची आणि मला दिवसभरात तेवढाच काय तो आनंद व्हायचा.

पण पलीकडच्या टोकाला डबा नव्हता.

पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. एरमेलिंदाच्या नसेल आलं असं नाही. एकदा ती वळणावर थबकली होती, माझ्याकडे पाहिलं होतं. डब्यापर्यंत चाळीस मीटर जायचं, चाळीस मीटर यायचं, दहा आकडे मोजायचे. तिनं फळ्याच्या दिशेनं एक नजर टाकली आणि मला तशीच घेऊन शिरली.

त्या आठवड्यात तिच्या चौदाव्या बेडमधल्या एका जुन्या झाडाचा दांडा कापताना मला काहीतरी वेगळं लागलं होतं. लाकूड कसं करकरीत लागतं. हे भुसभुशीत लागलं. मी ओरडले असते हो. पण कात्रीचं ओरडणं म्हणजे कच्च एवढंच, आणि ते तर मी दिवसाला हजारदा करत होते.

मार्च गेला. काहीच झालं नाही. मी स्वतःला समजावलं की आपल्याला उगीच वाईट दिसतं. एप्रिलच्या शेवटी, मातृदिनाची धांदल तोंडावर आलेली असताना, त्रान्सितोच्या बेडमध्ये गाठी निघाल्या. दांडे जिथे कापले होते तिथेच, अक्रोडाएवढ्या, तपकिरी.

मळ्याचे इंजिनिअर विनिसियोसाहेब धावत आले. हा माणूस वाईट नाही. तिशीचाच, पण उभ्यानं जेवणारा, आणि खिशातला फोन सारखा थरथरत असल्यामुळे कुणाचंही वाक्य पुरतं न ऐकणारा. राजधानीत त्याच्याही नावाचा एक फळा असणार. त्यानं वाकून एकेक झाड पाहिलं.

"अर्ध्याच बेडला कशी काय लागण?" तो स्वतःशीच म्हणाला. "पलीकडच्या अर्ध्याला?"

त्रान्सितो जवळच उभी होती. तिला त्या क्षणी सगळं कळलं. मला दिसलं ते तिच्या चेहऱ्यावर. तिनं एरमेलिंदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्रान्सितोबाई, तुम्ही कात्री डब्यात बुडवता ना?"

"हात दुखतो, साहेब. कधी कधी राहून जातं."

खोटं! धडधडीत खोटं! ती बाई आपली कात्री दहाच्या जागी वीस मोजून बुडवायची, कारण तेवढाच वेळ मनगटाला आराम. साहेबाचा फोन वाजला आणि तो "बघतो, बघतो" म्हणत निघून गेला.

दुपारी जेवायला बायका बाहेर बसल्या. आमच्याकडे सगळ्यांचं जेवण एकाच फडक्यावर ओततात. उकडलेला मका, भाजलेला मका, बटाटे, कुणाचं एखादं अंडं. मी एरमेलिंदाच्या कमरेला होते. तिनं अजून एक दाणाही तोंडात घातला नव्हता.

"कोमाद्रे, मी जाऊन सांगते."

"काय सांगता? जेवा आधी. बटाटा गार झाला."

"गाठी तुमच्या टोकाला नाहीत. मी शिरले त्या टोकाला आहेत."

"हळू बोला." त्रान्सितोनं डाव्या हातानं मका उचलला. "एक गेली तर एक चूल विझेल. दोघी गेल्या तर दोन. मी काही शाळा शिकले नाही, पण एवढं मला कळतं."

"आणि ऑपरेशन?"

"अठरा वर्षं दुखतोय, त्याला काय घाई आहे. सिसाला बारावी करू द्या."

"तुम्ही मला पापात घालताय."

"तुम्ही मला फेब्रुवारीत वाचवलंत. आता गप बसा आणि खा."

एरमेलिंदा गप बसली. मला वाईट वाटतं सांगायला, पण ती एक दिवस गप बसली, दोन दिवस बसली, तीन दिवस बसली. मी वेडंवाकडं कापायला लागले, फळ्यावर ती पहिल्यांदाच पिवळी झाली. मला तिचा राग आला होता. बोल ना, बये! कुणासाठी थांबलीस? आणि लगेच सिसा आठवायची, आणि वाटायचं, नको, नको बोलूस. माझं असं एका घडीत दोन्हीकडून व्हायचं. रोग नेला कुणी? मीच ना? माझ्याच पात्यांवरून गेला तो. जिला वाचवायला शिरलो तिच्याच झाडांना आम्ही मारलं, हे मला गिळवत नव्हतं.

चौथ्या दिवशी, दहाच्या सुमाराला, नार्सिसा एक कागद घेऊन त्रान्सितोच्या बेडपाशी आली. मागून विनिसियोसाहेब, कानाला फोन.

"इथं सही करा, काकी," नार्सिसा म्हणाली. पहिल्यांदाच ती मळ्यात कुणाला काकी म्हणाली असेल. "वाचून दाखवते. कात्री औषधात न बुडवल्यामुळे माझ्या बेडमध्ये रोग पसरला हे मला मान्य आहे, आणि आजपासून मी काम सोडत आहे."

"मान्य. दे पेन."

तिनं पेन धरलं आणि ते बोटांतून निसटलं. नार्सिसानं उचलून दिलं. पुन्हा निसटलं. बधिर बोटांना कळेचना की आपण काही धरलंय. तिसऱ्यांदा ते मातीत पडलं तेव्हा एरमेलिंदा आपला बेड सोडून आली, तिनं पेन उचललं आणि मुठीत घट्ट धरलं.

"ही सही माझी आहे," ती म्हणाली.

"कोमाद्रे, कामावर जा," त्रान्सितो ओरडली.

"साहेब, फोन ठेवा आणि माझ्याबरोबर चला."

त्या आवाजाला साहेबानं खरंच फोन खाली केला. एरमेलिंदा त्याला कोपऱ्यावरून वळसा घालून पलीकडच्या टोकाला घेऊन गेली. मी तिच्या हातात होते.

"मी इथून शिरायचे. गर्दीचे ते चार आठवडे. कोमाद्रेची फुलं कापायला. चिठ्ठी त्यांच्या नंबरची लावायचे."

"इथून का? सगळे तिकडून शिरतात!"

"बटाट्यात असंच करतात, साहेब. मदतीला जायचं तर समोरून जायचं. मागून गेलं तर तिला वाटतं, हाकलायला आले. समोरून कुणी येताना दिसलं की हात आपोआप चालतो."

साहेबानं बेडच्या त्या टोकाला इकडे तिकडे पाहिलं.

"डबा कुठाय?"

"इथं नाहीये. तिकडे आहे."

"मग तू कात्री बुडवलीच नाहीस?"

"जायला यायला वेळ गेला असता, माझा आकडा पडला असता. नाही बुडवली. मला माहीत होतं, बुडवायला हवी."

आता मात्र तो भडकला. आवाज इतका चढला की चार बेड पलीकडच्या बायकांचे हात थांबले.

"एकशेदहा झाडं उपटून जाळावी लागणार आहेत, एरमेलिंदा! एकशेदहा! मदत करायची तर नीट कर ना! धावत धावत कसली मदत करतेस? तिचंच वाटोळं केलंस!"

"हो," एरमेलिंदा म्हणाली. आणि रडली. इतके दिवस न आलेलं रडू सगळं एकदम आलं.

मला वाटतं, त्या मळ्यात आल्यापासून साहेबानं पहिल्यांदाच कुणाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन पुन्हा थरथरला. पडद्यावरचं नाव पाहून त्यानं मान ताठ केली. वरून होता.

त्यानं हात पुढे केला आणि मला एरमेलिंदाच्या मुठीतून काढून घेतलं.

"हो सर. कारण सापडलं." मला त्यानं उघडलं, मिटलं, परत उघडलं. "कात्री, सर. एकतीस नंबर. सांधा ढिला आहे, औषध आतपर्यंत पोचत नाही... नाही, माणसाची चूक नाही... हो, नीट तपासलं. बाद करतोय आजच... नाही सर. माणूस कुणी नाही."

माझा सांधा ढिला? माझा? काल संध्याकाळीच एरमेलिंदानं नट आवळला होता! संतापानं माझी स्प्रिंग ताठ झाली. इतकी वर्षं इमानानं कापलं आणि शेवटी ढिली म्हणून नाव लागणार? मी त्याच्या हातात कच्च केलं, पण त्याला वाटलं असेल आपणच दाबली.

मग मी एरमेलिंदाकडे पाहिलं. ती ओढणीच्या टोकानं नाक पुसत होती आणि तिला अजून नीट कळलंही नव्हतं की काय झालं. पलीकडून त्रान्सितो येत होती, घाईघाईनं, कोमाद्रेला कुणी काही करू नये म्हणून. त्या दोघींना पाहिलं आणि मी स्प्रिंग सैल सोडली. असू दे ढिला. रोग माझ्या पात्यांवरूनच गेला होता, तेवढं तर खरंच होतं.

नार्सिसानं सहीचा कागद चार घड्या करून खिशात टाकला. तो पुढे कुणी पाहिला नाही.

झाडं जाळली. धूर दोन दिवस येत होता आणि बायका डोळे पुसत कापत होत्या. त्यानंतर एका सकाळी प्रत्येक बेडच्या पलीकडच्या टोकाला औषधाचा एकेक डबा आला. नार्सिसानं विचारलं, "हे कशाला, साहेब?" विनिसियोसाहेब म्हणाला, "औषध जास्त आलंय," आणि फोनवर बोलत निघून गेला. हात उसना द्यायला परवानगी आहे असं कुणी म्हणालं नाही. नाही असंही कुणी म्हणालं नाही. फळा आहे तिथेच आहे, लाल रंगही आहे. त्रान्सितो पिवळी आहे. ही सगळी बातमी मला पिंपात बसून मिळते, कारण जेवायला जायची वाट इथूनच जाते आणि बायका काही हळू बोलत नाहीत.

काल एरमेलिंदा आली होती. कमरेला नवी कात्री, एकशेबारा नंबरची, अजून तोऱ्यात असलेली. जेवणाची सुट्टी संपायला थोडाच वेळ होता. तिनं तारेचं भेंडोळं बाजूला केलं, मला बाहेर काढलं, पात्यांवरचा वाळका चीक नखानं खरवडला आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडला. भंगारात जाणाऱ्या कात्रीला तेल कोण घालतं? मी उघडले, मिटले, आवाजसुद्धा झाला नाही. "चल," ती म्हणाली. पुढे काहीतरी म्हणणार होती, पण भोंगा झाला आणि ती पळाली.

मला भट्टीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. वितळल्यावर आपण आपल्याला ओळखू येतो का, हे विचारायलाही इथे कुणी नाही. पण त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. त्रान्सितोच्या ऑपरेशनची जूनची ती तारीख या गुरुवारचीच आहे. सकाळी आठला तिला आत घेणार, आणि गाडीही सकाळीच येणार.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाची त्या गाडीवाल्याशी ओळख असेल तर माझं एवढं काम करा. त्याला म्हणावं, सगळीकडची फेरी आधी आटप, आमच्या मळ्यात शेवटी ये. फार उशीर नको, जेवणाच्या सुट्टीनंतर ये. तोवर दवाखान्यातून फोन आलेला असेल. एरमेलिंदा या वाटेनं जाताना ओरडून सगळ्यांना सांगेल की कोमाद्रेची बोटं हलली, किंवा नाही हलली. जे असेल ते मला ऐकू द्या. मग खुशाल न्या.